कानेलाचं अळणी सूप

ईस्टरच्या आधीच्या मोठ्या बुधवारी सकाळी चुन्याचा ब्रश आणायला म्हणून आसिमिनानं शेजारच्या पोलिक्सेनीच्या कोठीचं दार उघडलं, तर तेलाच्या रिकाम्या डब्यांमागे तिला एक तांबूस चिंधी पडलेली दिसली. लादी पुसायला बरी म्हणून ती उचलायला वाकली. चिंधीनं डोळे उघडले.

"अगं बाई! कानेला!"

कानेला ही पोलिक्सेनीची मांजरी. पोलिक्सेनी लेकीच्या बाळंतपणाला पिरेअसला गेली होती आणि ईस्टरसाठी शनिवारच्या बोटीनं बेटावर परतायची होती. दोघींचं एकमेकींशी धड बोलणं नव्हतं. मागच्या वर्षी ईस्टरच्या उपासात पोलिक्सेनीच्या खिडकीतून अंडं तळल्याचा वास आला होता, आणि तो सगळ्यांत आधी आसिमिनाच्या नाकाला कळला होता. संध्याकाळपर्यंत तो गल्लीतल्या प्रत्येक घराला कळला. तरीही जाताना पोलिक्सेनीनं किल्ली दिली ती आसिमिनालाच. "बाई खडूस आहे," ती म्हणाली होती, "पण नेमाची आहे. दुसरी कुणी असती तर विसरली असती."

आणि नेमाची बाईच विसरली होती. रविवारी दुपारी ईस्टरच्या साफसफाईत तिनं दोन्ही घरांच्या भिंतींना चुना दिला. कानेला ओल्या चुन्यावर पाय द्यायला लागली, तशी तिनं तिला "जरा वाळेपर्यंत" कोठीत टाकलं. तेवढ्यात चर्चची घंटा झाली आणि ती तशीच निघून गेली. तेव्हापासून पायरीवर ठेवलेली बशी रोज चाटूनपुसून रिकामी होत होती. ती गल्लीतली बाकीची मांजरं रिकामी करत होती, हे आता कळलं. सोमवारी भिंतीपलीकडून बारीकसं म्याव ऐकू आलं होतं, तेव्हा आसिमिना ओरडली होती, "निदान या आठवड्यात तरी देवाला स्मरून गप्प बस!"

तिनं कानेलाला एप्रनमध्ये गुंडाळून घरी आणलं. ओठाशी पाणी धरलं, ते गालावरून ओघळून गेलं. मांजरी मेली तर पोलिक्सेनी काय म्हणेल, हे तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. आणि या वेळी पोलिक्सेनीचं म्हणणं खरं असणार होतं. तेच जास्त लागत होतं.

गुरांचा डॉक्टर सोतिरिस त्या दिवसांत ईस्टरची कोकरं तपासत गावोगाव हिंडत असे. चौकातल्या कॉफीच्या दुकानासमोर आसिमिनानं त्याला बाहीला धरून पकडलं.

"मावशी, मी शेळ्या बघतो. खेचरं बघतो. मांजरं नाही बघत."

"चार पाय आहेत तिला. शेपूट पण आहे. चल."

घरी येऊन डॉक्टरनं कानेलाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी खाली बसेचना, तंबूसारखी तशीच उभी राहिली. त्यानं हिरडीला बोट लावलं, तर बोट चिकटलं. "अंगातलं पाणी पार संपलंय," तो म्हणाला. मग त्यानं पिशवीतून मिठाच्या पाण्याची बाटली, नळी आणि एक सुई काढली. सुई पाहून आसिमिनानं छातीवर क्रुसाची खूण केली.

"ही शेळीची आहे!"

"माझ्याकडे शेळीचीच असणार. धरा घट्ट."

पाणी कातडीखाली गेलं आणि कानेलाच्या पाठीवर एक मोठ्ठा उंचवटा आला. "अरे, उंट करून टाकलास हिचा!" आसिमिना म्हणाली.

"जिरेल तो. आता उकळून गार केलेलं पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि साखर. ड्रॉपरनं थोडं थोडं देत राहा. एकदम ओतू नका, नाहीतर घशात जाईल. उलटी झाली नाही तर उद्यापासून कोंबडीचं सूप. कांदा बिलकूल नको, मांजराला तो विष आहे. आणि मीठ घालायचं नाही. अळणी."

"कोंबडी? या आठवड्यात? माझ्या घरात?"

"मांजरी उपास करते का, मावशी?"

"मांजरी करत नाही, पण माझं पातेलं करतं!"

डॉक्टर हसत हसत निघून गेला. आसिमिनाच्या घरात चाळीस दिवस मांस, दूध, अंडं यांतलं काही ताटात येत नसे. पातेली उपासाच्या आधी राखेनं घासून निघत. ती काही भोंदू नव्हती. दुसऱ्याला जे सांगायची ते स्वतः दुप्पट करायची, आणि म्हणूनच लोकांना ती जड जायची.

बुधवारची सगळी दुपार आणि संध्याकाळ ती मांडीवर मांजर घेऊन बसली. ड्रॉपर, थेंब, गिळलं का, पुसायचं, पुन्हा ड्रॉपर. "गिळ गं राणी. त्या पोलिक्सेनीसाठी नको, माझ्यासाठी गिळ." गुरुवारी सकाळी कानेलानं स्वतःहून ड्रॉपर चाटला, तेव्हा आसिमिना इतकी खूश झाली की ईस्टरच्या दिवसासाठी लाल रंगात बुडवायची अंडी तिनं रंगवायचं विसरून नुसतीच उकडून ठेवली.

मग तिनं कोंबडी टाळायचे सगळे उपाय करून पाहिले. मसुराचं पाणी दिलं. तिळाच्या कुटाचं सूप दिलं. ऑक्टोपस उपासाला चालतो, म्हणून त्याचंही पाणी काढून पाहिलं. कानेला दर वेळी वास घ्यायची आणि कुणीतरी मोठा अपमान केल्यासारखं तोंड भिंतीकडे करायची. दुपारपर्यंत कातडीचा तंबू पुन्हा उभा राहायला लागला.

आसिमिना देवाच्या तसबिरीसमोर जाऊन उभी राहिली. "तूच सांग आता," ती म्हणाली. परसातून कोंबडी ओरडल्याचा आवाज आला.

खाटकाकडे जायची सोय नव्हती, सगळं गाव तिथं रांगेत उभं होतं. तिनं आपलीच एक म्हातारी, अंडी बंद झालेली कोंबडी निवडली आणि परसात गुपचूप पिसं काढली. समुद्रावरून वारा सुटला होता. आपण सकाळीच गल्लीतल्या भिंतीला चुन्याचा दुसरा हात दिलाय, हे ती विसरली होती. बाहेर येऊन पाहते तो तिच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीला कोपऱ्यापर्यंत तांबडी पिसं चिकटलेली, आणि समोर शेजारीण स्तामाता उभी.

"नवीन नक्षी वाटतं?" स्तामाता म्हणाली.

"कोंबड्यांची पिसं झडतायत. ऋतूच आहे."

हे अगदी खोटं नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच आसिमिनाचे कान तापले.

म्हातारी कोंबडी ती म्हातारीच. गुरुवारी संध्याकाळभर शिजूनही दगडासारखी राहिली. सूप तेवढं चार चमचे निघालं, आणि ते कानेलानं डोळे मिटून प्यायलं. मोठ्या शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पातेलं पुन्हा चुलीवर चढलं. आसिमिनानं खिडक्या लावल्या, फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या, धुपाटणं पेटवलं. पण तो वास! चाळीस दिवस गल्लीनं चणे, ऑलिव्ह आणि पालेभाजीवर काढले होते. त्या दिवशी तर तेलसुद्धा वर्ज्य, फक्त मसूर आणि व्हिनेगर. तशा पोटांना चिंधी काय अडवणार?

दहाच्या सुमारास स्तामाता ख्रिस्ताच्या पालखीसाठी फुलं मागायला आली. दारातच नाक वर करून म्हणाली, "काय शिजतंय गं?"

"औषध."

"कुणाचं?"

"आजाऱ्याचं."

"मग मलाही जरा बरं नाही हं," स्तामाता म्हणाली आणि फुलं न घेताच गेली.

थोड्या वेळानं तिचा नवरा लाम्ब्रोस आला. जन्मभर बोटीवर काढलेला माणूस, बायकोच्या धाकानं उपास करणारा. तो खुर्ची घेऊन आला आणि आसिमिनाच्या खिडकीखाली बसला.

"काय रे, इथं काय काम तुझं?"

"काही नाही वहिनी. बसलोय. वास घेतल्यानं उपास मोडत नाही ना?"

"घरी जा!"

"घरी मसूर आहे."

दुपारपर्यंत खिडकीखाली पाच खुर्च्या झाल्या. कुणी काही बोलत नव्हतं. मोठ्या शुक्रवारी शोक पाळायचा असतो, आणि इतक्या एकाग्रतेनं शोक पाळणारी माणसं त्या गल्लीनं आधी कधी पाहिली नसतील.

आत आसिमिनानं झाकण काढलं. कोंबडी अखेर मऊ झाली होती. तिनं डाव बुडवला, फुंकर घातली, तोंडाला लावला, जीभ टाळूवर फिरवली आणि म्हणाली, "मीठ हवं."

मग डाव हातात तसाच राहिला. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हाताला कोण विचारतं? चाळीस वर्षं तो हात चव घेत आला होता, आजही त्यानं घेतली. थुंकायला ती मोरीकडे धावली, पण घोट केव्हाच खाली उतरला होता. मोठ्या शुक्रवारी. कोंबडीचा. आणि उद्या तिला चर्चमध्ये प्रसाद घ्यायचा होता.

कानेलानं टोपलीतून मान वर करून म्याव केलं. पाच दिवसांतलं पहिलं खणखणीत म्याव.

"तुझं चाललंय," आसिमिना म्हणाली. "माझं आटोपलं."

संध्याकाळी घंटा संथपणे वाजू लागल्या. फुलांनी मढवलेली ख्रिस्ताची पालखी गल्लीगल्लीतून निघाली. पुढे धर्मगुरू पापा-याकोवोस, मागे हातात मेणबत्त्या घेतलेलं सगळं गाव. पालखी आसिमिनाच्या दारासमोरच्या तिठ्यावर थांबायची, ही जुनी रीत. त्या क्षणी यजमानिणीनं दार उघडून धूप दाखवायचा. त्या वेळी मुलाबाळांसकट सगळे श्वास रोखून उभे राहत.

आसिमिनानं धुपाटणं उचललं आणि दार उघडलं. खिडक्या लावून, चिंध्या कोंबून दिवसभर घरात कोंडलेला वास त्या एकुलत्या एक वाटेनं लोंढ्यासारखा बाहेर पडला. धुपाची वीतभर रेघ त्यात कुठल्या कुठे वाहून गेली. पालखी वाहणारे चार जण एकदम डगमगले. स्तोत्र म्हणणाऱ्यांचा सूर वर चढला आणि तिथंच राहिला.

"हा वास..." कुणीतरी पुटपुटलं.

तेवढ्यात आसिमिनाच्या पायांतून काहीतरी सरकलं. कानेला! पाठीवरचा उंट जिरला होता, पाय अजून लटपटत होते, पण मान ताठ होती आणि तोंडात कोंबडीची अख्खी तंगडी होती. पायरी उतरून तिनं पालखीच्या अगदी पुढून, घाई न करता, राणीसारखी रस्ता ओलांडला.

"कानेला!" गर्दीतून किंकाळी आली. "माझी कानेला! अगं, किती वाळलीस!"

ती पोलिक्सेनी. शनिवारी वारा वाढणार म्हणून कप्तानानं बोट एक दिवस आधीच सोडली होती, आणि ती बंदरावरून थेट मिरवणुकीत शिरली होती. एका हातात मेणबत्ती आणि दुसऱ्या हातात बोचकं.

सगळं गाव आसिमिनाकडे बघत होतं. तिला लाम्ब्रोसचा चेहरा दिसला, स्तामाताचा दिसला, भिंतीवरची पिसं मेणबत्त्यांच्या उजेडात दिसली. आता काही झाकण्यासारखं उरलं नव्हतं.

"मीच वाळवली," ती मोठ्यानं म्हणाली. "कोठीत कोंडून विसरले. तहानेनं मरायला टेकली होती. मग मी कोंबडी कापली. काल शिजवली, आज शिजवली. आणि, पापा, आज दुपारी मी चव घेतली. घोट गिळला."

पोलिक्सेनी पुढे आली. तिनं आसिमिनाचे लाल झालेले डोळे पाहिले, एप्रनच्या खिशातला ड्रॉपर पाहिला. अंड्याचं उट्टं काढायला याहून चांगली संधी तिला जन्मात मिळाली नसती. तिनं तोंड उघडलं.

"चव घेतलीस?" ती म्हणाली. "कशी होती?"

"अळणी," आसिमिना रडवेल्या आवाजात म्हणाली. "मीठ नाही, कांदा नाही. इतकं बेचव मी जन्मात काही प्यायले नाही."

पोलिक्सेनीच्या मेणबत्तीची ज्योत थरथरू लागली. ती हसू दाबत होती. मग स्तामाताची थरथरली, लाम्ब्रोसची विझलीच. पापा-याकोवोसनं दाढीवरून हात फिरवला आणि बराच वेळ आकाशाकडे पाहिलं.

"बेचव होतं ना?" तो शेवटी म्हणाला. "मग तुझं प्रायश्चित्त झालं. उद्या प्रसादाला ये. आणि आता दार लाव, बाई. माझे पालखीवाले उभे राहू शकत नाहीत."

त्या रात्री दोघी एकाच टोपलीपाशी बसल्या. कानेला झोपेत घोरत होती. "मानेची कातडी ओढून बघ," आसिमिना म्हणाली. पोलिक्सेनीनं ओढली, सोडली. कातडी झटकन जागेवर बसली. "काय माया केलीस गं," पोलिक्सेनी म्हणाली, आणि पुढची सतरा वर्षं त्या दोघी भांडल्या त्या फक्त कानेला कुणाकडे जेवणार यावरून.

त्या वर्षी गावाला कळलं की आजारी मांजरापुढे उपासाचे नियम थोडे नमतात. पुढच्या वर्षी मोठ्या बुधवारी स्तामाताच्या मांजरीनं अन्न सोडलं. गुरुवारी खुद्द पापा-याकोवोसची बायको मागच्या दारानं आसिमिनाकडे आली आणि कोंबडी किती वेळ शिजवायची ते हळूच विचारून गेली. डॉक्टर सोतिरिस कोकरं तपासायला आला तेव्हा त्या गल्लीत एकही मांजर धडधाकट नव्हतं, आणि प्रत्येक पातेल्यात निदान दोन मांजरांना पुरेल एवढं सूप होतं. खारट. कांदा घातलेलं.

मांजरांना त्यातलं काही मिळालं नाही. त्यांना आसिमिनानं वेगळं अळणी करून दिलं, ओठ घट्ट मिटून.