सर्व्हर कधी गेला?

“साहेब, तुमचा चहा निवायच्या आत सांगतो, सर्व्हर कधी बंद पडला आणि कुणामुळे!” मोटरसायकल चालवता चालवता कमलेशनं फोनवर छाती ठोकली. खरोखरच ठोकली! हँडल सुटलं, गाडी नारळाच्या बुंध्याला मिठी मारायला निघाली, ती कशीबशी आवरली. पण रुबाब? तो तसूभर हलला नाही.

काशीदच्या अलीकडे एका कोळीवाड्यात मच्छीमार सोसायटी आहे. होड्या समुद्रात गेल्या-आल्याची नोंद ठेवणारा तिथला सर्व्हर कमलेशच्या ताब्यात. ताब्यात म्हणजे काय, कमलेश सकाळी यायचा आणि संध्याकाळी जायचा. रात्रंदिवस त्याच्यापाशी असायचा तो म्हातारा राखणदार बुधाजी. कमलेश मामेभावाच्या हळदीला माणगावला गेला आणि इकडे सर्व्हर मुका झाला. तालुक्याच्या साहेबानं दम भरला, “संध्याकाळपर्यंत कारण कळवा! नाहीतर मशीन इकडे उचलून आणतो आणि तुम्हाला घरी बसवतो!”

एक गोष्ट मात्र कमलेशला ठाऊक नव्हती. परवा दुपारी बुधाजी वारला होता. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला होता, पण त्या ग्रुपचा आवाज कमलेशनं केव्हाच बंद करून टाकला होता. पहाटे पहाटे गुलाबाची फुलं आणि सुविचार कोण बघणार?

वाड्यात शिरला तर सगळ्या होड्या किनाऱ्यावर. जाळी गुंडाळलेली, ओट्यांवर माणसं गप्प. कमलेशला भरूनच आलं. आपल्या सर्व्हरवाचून अख्खा गाव अडून बसलाय!

होडीच्या आडोशाला सदा तांडेल बसला होता. बुधाजीचा लहानपणापासूनचा सोबती. डोळे सुजलेले.

“सदाकाका, कधी बंद पडला?” कमलेशनं गाडीवरूनच विचारलं.

सदानं मान वर केली. “परवा. दुपारचा.”

“अचानक?”

“अचानक कसला? कवापासून कुरकुरत व्हता. पन लक्ष कोन देतंय?”

“गरम झाला असेल.”

“व्हय. सकाळपास्नं तापलेलाच व्हता.”

“मग मला एक फोन करायचा!”

“ग्रुपवर टाकलं व्हतं की. तू अंगठा दिलास.”

कमलेशनं डोकं खाजवलं. हळदीच्या मांडवात, एका हातात जिलेबी असताना, दुसऱ्या हातानं त्यानं न वाचताच दिसेल त्या निरोपाला अंगठे दिले होते खरे.

“असो! काका, तोंड पाडून बसू नका. तसा तो जुनाच होता. आज ना उद्या जायचाच! मुंबईहून नवीन आणू. याच्याहून दणकट, आणि असा घरघर न करणारा!”

सदा तोंड फिरवून म्हणाला, “ह्ये गोदूसमोर बोलू नको. जा, तिला आदी भेट.”

गोदूबाई म्हणजे बुधाजीची बायको. सोसायटीचा केर तीच काढायची. कमलेशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. केर काढताना हिनंच वायर ओढली! चोर सापडला!

तो तिच्या अंगणात पोचला आणि चप्पल काढायच्या आधीच गरजला, “गोदूमावशी! तो कसा बंद पडला, ते मला आत्ता कळलं पाहिजे! तुम्ही काय केलंत त्याला?”

आतल्या बायकांची कुजबुज थांबली.

गोदूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं सावकाश उत्तर दिलं, “मी काय करनार रं? पेज घेऊन गेले. हाक मारली. दुसऱ्यांदी मारली. त्यानं ओ दिली न्हाय.”

तिच्यापुढे जमिनीवर पीठ पसरून दिवा लावलेला होता. कोपऱ्यात बुधाजीची टोपी होती.

कमलेशनं दिवा पाहिला, टोपी पाहिली. तो उंबऱ्यातच बसला. जुना होता, नवीन आणू, घरघर न करणारा... एकेक शब्द माघारी येऊन कानफटात बसू लागला. “मावशी, मी... मला ठाऊक नव्हतं. मी त्या मशीनचं विचारत होतो. मला वाटलं...”

रोज कमलेशच्या जेवणाच्या डब्याशेजारी आपली सुकटीची चटणी ठेवणारा म्हातारा गेला होता, आणि कमलेशनं त्या निरोपाला अंगठा दिला होता!

“त्यो मशीनचा डबा व्हय?” गोदूबाईनं पदरानं नाक पुसलं. “त्यो मीच बंद केला.”

“तुम्ही?”

“ह्याला नेताना करदोड्याची चावी काढून घेतली, तवा आठवलं. घर टाकून त्याच्यापाशी निजायचा. भांडायची मी! तर म्हनायचा, एकटा कसा ठेवू त्याला, रातभर घूं घूं करतो. आता कोन बसनार त्याच्यापाशी? मानसं ह्याला पोचवून आली, तशी गेले न् त्यो डबा निजवला.”

“बटण ठाऊक होतं?”

“त्यानंच दावलेलं. दाबून धरायचं. मी हात ठेवून उभी व्हते. आवाज हलू हलू बारीक झाला, मग थांबला.” ती दिव्याकडे बघत राहिली. “ह्यानं तेवढाबी येळ दिला न्हाय मना.”

शेजारची बाई तोंडाला पदर लावून उठून गेली. कमलेश मान खाली घालून रडला.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब! कमलेश अंगणात गेला.

“काय हो, चहा निवून सरबत झालं! सापडलं का कारण? लाइट? उंदीर?”

“सुतक, साहेब.”

पलीकडून धास्तावलेला आवाज आला. “हा कुठला नवीन व्हायरस? पसरलाय का?”

कमलेशनं किनाऱ्याकडे पाहिलं. एकही होडी पाण्यात नव्हती.

“सगळ्या गावात, साहेब.”

“मग बघताय काय? अँटिव्हायरस टाका! आणि तोवर हात लावू नका त्याला, इकडे येईल!”

फोन बंद झाला. कमलेश डोळे पुसून आत आला.

“काय म्हनाला साहेब?” गोदूबाईनं विचारलं.

“म्हणाले... घाई नाही. राहू दे बंद.”

गोदूबाईनं शेजारणीनं आणलेल्या कोऱ्या चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

“देवमानूस हाय रं तुझा साहेब,” ती म्हणाली.

कमलेशनं मान डोलावली आणि निवायच्या आत चहा संपवला.