चुकलं की काकी बोलते

त्या संध्याकाळी आम्ही दोघं उंबऱ्यात बसून भिजवलेले वाल सोलत होतो. एका वालाचं साल निघेना, तर आमची शेवंती त्याला बोलायला लागली. वालाला. मी म्हटलं, "अगो, त्याला कान आहेत काय?"

"तुमका तरी खंय आसत?"

ही अशीच. घाटकोपरच्या डोंगरावर आमची खोली. नळ उशिरा आला की ही नळाला झापणार. कुकरची शिट्टी झाली नाही की कुकरला. लग्न होऊन मालवणाकडून आली, मुंबईत म्हातारी झाली, पण बोलणं तेच. मी कामावर चार माणसांत वावरून बदललो. ती म्हणायची, "मी कित्याक बदलू? मुंबईक समाजता."

आमच्या गल्लीत घराला मोबाईल एक, आणि तो बापाबरोबर कामावर जातो. पोरं अभ्यास कपाळावर करणार? म्हणून एका संस्थेच्या दोन शिकलेल्या मुली अभ्यासाचा एक मोबाईल आमच्याकडे ठेवून गेल्या. शेवंतीच्या घरातून वस्तू उचलायची कोणाची टाप नाही, म्हणून आमच्याकडे.

त्यात चित्रं यायची, गणितं यायची, उत्तर दाबायचं. चुकलं की आतली बाई बोलायची, "आपले उत्तर चुकले आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा." बँकेतल्या मॅडमसारखी. पोरं तेवढं ऐकून मोबाईल टाकून पळायची.

शेवंतीने मोबाईललाही सोडलं नाही. "पोरांक भियवतस कित्याक गो?" मुली परत आल्या तेव्हा त्यांनाही धरलं. "ह्या बायेक पोराबाळा नाय काय?"

आम्हालाही मूल नाही. त्यावर ती कधी कोणाशी बोलली नाही. माझ्याशीही नाही.

मुली हुशार. म्हणाल्या, "काकी, मग तुम्हीच बोला ना." खिडकी लावली, पंखा बंद केला आणि तिचा आवाज भरून घेतला. तेव्हापासून उत्तर चुकलं की ही बोलायची, "मेल्या, घाई कसली तुका? वायच नीट बघ. मी हयच आसंय."

"आणि बरोबर आल्यावर काय बोलाल, काकी?"

"काय नाय. बरोबर इला तर गप फुडे जावचा."

मग तिथे नुसती घंटी ठेवली. पोरं पळायची थांबली. चुकली की हसायची आणि परत बघायची. ही शेगडीपाशी उभी राहून स्वतःचाच आवाज ऐकायची आणि म्हणायची, "कोण गो ती भांडखोर?"

वाल सोलून झाले. "उद्या उसळ करतंय," म्हणाली. रात्री झोपेतच गेली.

दुसरा दिवस तिला पोचवण्यात गेला. माणसं आली, बसली, उठून गेली.

त्याच्या पुढच्या सकाळी पोरं आली नाहीत. काकांना त्रास देऊ नका, असं आयांनी सांगितलं असणार. मोबाईल खिळ्याला पिशवीत तसाच लटकत होता. मी काढला. दोन बांगडे आले, मग तीन आले. मिळून किती?

मी तिसरी नापास, पण पाच होतात एवढं मला कळतं. मी चार दाबलं.

"मेल्या, घाई कसली तुका? वायच नीट बघ. मी हयच आसंय."

नवऱ्याला कसं म्हणायचं, म्हणून मला तिने उभ्या जन्मात मेल्या म्हटलं नव्हतं.

मी नीट बघितलं. परत चार दाबलं.