चिचुंद्रीनं मोजलेली अकरा भोकं

मुलांनो, घरात थंडी वाजत असेल तर विश्वास कुणावर ठेवाल? गोड बोलणाऱ्या दुकानदारावर, की आपल्याच घरात पकडलेल्या चोरावर? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

एका जंगलात वर्षाचे चार महिने बर्फ पडे. एकदा बर्फ पडलं की रानात जायची वाट बंद. आधी जमवलेली लाकडं पुरली तर पुरली.

त्या जंगलात केरूनाना नावाचं अस्वल राहायचं. चाळीस हिवाळे पाहिलेलं त्याचं लाकडी घर. दरवर्षी नाना एकशेवीस मोळ्या रचून ठेवायचे, रोजची एक. पण मागच्या वर्षी शेवटी मोळ्या कमी पडल्या आणि बायकोची, तानूबाईंची, खाट जाळावी लागली. तेव्हापासून तानूबाई जमिनीवर झोपल्या आणि त्यांच्या गुडघ्यांनी संप केला. यंदा नवी खाट आली. नानांनी मनाशी ठरवलं, ही खाट जळता कामा नये.

बर्फ पडायच्या आधी झुंबरशेठ कोल्हे घरी आले. त्यांचं शेगड्यांचं दुकान होतं.

"नाना, तुमचं घर थंड नाहीच मुळी. शेगडी लहान आहे. ही घ्या तीन तोंडांची. मधाच्या दोन बरण्या द्या, बस्स."

"हिला लाकूड जास्त लागत असेल ना?"

"लागणारच. ऊब काय फुकट येते?"

इथे एक गुपित सांगून ठेवतो. शेगडी विकणारा कधीच विचारत नाही की घरातली ऊब जाते कुठे. ती जाते म्हणूनच तर त्याचा माल खपतो.

नाना मध काढायला आत गेले. बघतात तर पिठाच्या डब्यात एक चिचुंद्री, मिशांपर्यंत पांढरी. नानांनी तिला शेपटीला धरून उचललं.

"आत कुठून आलीस?"

"आज? आज उंबऱ्याखालून," चिचुंद्री म्हणाली. "काल खिडकीच्या चौकटीतून. अकरा वाटा आहेत नाना तुमच्या घराला. मी दारानं एकदाही आले नाही."

तानूबाई हातातलं काम सोडून उठल्या. "अहो, हिला सोडू नका. आणि मधाला हात लावू नका. ही जिथून येते, तिथूनच थंडी येत असणार."

झुंबरशेठ हसले. "वहिनी, चोराच्या सल्ल्यानं घर बांधता?"

"बांधलंय सज्जनांनीच, शेठ. म्हणून तर खाट जाळली."

चिचुंद्रीनं एकच अट घातली. "सगळ्या वाटा दाखवते. पण शेवटचं भोक बुजवाल तेव्हा मी आत असेन."

सौदा पटला. चिचुंद्री पुढे, नाना मागे. उन्हाळ्यात झडलेले स्वतःचे केस नानांनी पोत्यात भरून ठेवले होते. तानूबाई दरवर्षी टाकून द्या म्हणायच्या. तेच केस आता मातीत कालवून फटींत गेले. भिंतीत सहा, खिडक्यांना चार, उंबऱ्याखाली एक. माळ्यावर गेल्यावर चिचुंद्री म्हणाली, "इथे भोक कसलं, मैदानच आहे. तुमची सगळी ऊब वर कावळ्यांना जाते." तिथे हातभर जाडीचा सुका पाला पसरला.

नाना धुराड्यात केस कोंबायला निघाले, तशी ती ओरडली, "ते राहू द्या. तिथून धूर जातो. घरातलं तेवढं एकच भोक प्रामाणिक आहे."

पहिल्या महिन्यात अठरा मोळ्या लागल्या. तीसच्या जागी अठरा! नाना रोज ढिगाकडे बघून मिशीतल्या मिशीत हसायचे.

बातमी जंगल पंचायतीत पोचली. पंचायतीचा कारकून, डोमकावळा, पाटी घेऊन आला. पाटीवर लिहिलं होतं, 'आदर्श उबदार घर'. नानांनी ती दारावर ठोकली. दुसऱ्या दिवसापासून पाहुणे सुरू. हरणं आली, ससे आले, लांबून याकांचं शिष्टमंडळ आलं. जो तो दार उघडून उभा राही, "वा, काय ऊब आहे," म्हणे आणि दार तसंच टाकून निघून जाई. नाना प्रत्येकाला अकरा भोकं दाखवीत. शेगडीत लाकूड टाकत राहत, कारण पाहुण्याला ऊब जाणवली पाहिजे.

दुसऱ्या महिन्यात बेचाळीस मोळ्या गेल्या.

"साठ उरल्यात," तानूबाई म्हणाल्या. "याच चालीनं अजून दोन महिने गेले तर चोवीस कमी पडतील. मी कुठे झोपू, ते आत्ताच सांगा."

नाना कावळ्याकडे गेले. कावळ्यानं वही दाखवली. लिहिलं होतं, दरमहा बारा मोळ्यांची बचत.

"पण या महिन्यात बेचाळीस जळल्या."

"पाटी लागल्यावर मोजायचं नसतं, नाना. जंगलाचा हुरूप जातो."

नाना मान खाली घालून घरी आले. पाटीवर साचलेलं बर्फ पंजानं पुसलं. खोटं कशाला बोला, पाटी त्यांना फार आवडली होती.

"आम्ही चोर बरे," चिचुंद्री चौकटीवरून म्हणाली. "आलो तरी दार उघडं टाकत नाही."

तेवढ्यात झुंबरशेठ रस्त्यानं चालले होते. त्या वर्षी त्यांची एकही शेगडी खपली नव्हती. पाटीकडे बघून ते पुटपुटले, "नशीब असतं एकेकाचं."

"घेऊन जा," नाना म्हणाले.

"खरंच?"

"खिळेसुद्धा घ्या."

शेठनी पाटी आपल्या घरावर लावली. भिंती होत्या तशाच फुटक्या, पण आत तीन तोंडांच्या तीन शेगड्या ढणाढणा पेटलेल्या. पाहुणे खूष. इकडे नानांचं दार बंद, आणि महिन्याला पुन्हा अठरा मोळ्या.

बर्फ वितळायला आठवडा होता तेव्हा नानांच्या दारावर थाप पडली. झुंबरशेठ कुडकुडत उभे होते. त्यांच्या मोळ्या संपल्या होत्या, खाट संपली होती, दुकानाची फळीही संपली होती. बगलेत पाटीमागोमाग पंचायतीनं दिलेला कागद तेवढा होता.

"दरमहा बारा मोळ्यांची बचत," ते दात वाजवत म्हणाले. "शिक्का आहे."

"मग तो कागद जाळायचा," तानूबाई खाटेवरून म्हणाल्या. "आत या शेठ. आणि दार लावा आधी."

शेठ शेगडीजवळ बसले. जरा वेळानं हळूच म्हणाले, "चिचुंद्रीबाई, माझ्या घराला किती वाटा आहेत हो?"

"तेवीस," ती पिठाच्या डब्यातून म्हणाली. "पण तुमच्याकडे खायला काही नसतं, म्हणून येत नाही."

तात्पर्य : घराची भोकं सज्जनाला विचारू नयेत, त्यानं ती पाहिलेली नसतात. चोराला विचारावीत, आणि चोर आत घेऊन घर बंद करावं. कौतुक मात्र बाहेर ठेवावं, ते दार लावत नाही.

आणि मुलांनो, तुम्ही कधी आपल्या मोळ्यांचा हिशेब लिहाल, तेव्हा पाहुण्यांना ऊब दाखवायला जाळलेल्या मोळ्याही त्यात धरा बरं का.