म्हात्रेकाकांची मोजणी

लोक बंदुकीच्या गेममध्ये शिरतात ते समोरच्याला उडवायला. आमचे शेजारी म्हात्रेकाका शिरतात ते मोजणी करायला. चहूबाजूंनी गोळ्या सुटतायत, हेडफोनमधून कुणीतरी आईबहिणीचा उद्धार करतंय, आणि काका आपले भिंतीला चिकटून चाललेत, “एकोणतीस, तीस, एकतीस...” मेले तरी आकडा विसरत नाहीत. आधी वहीत लिहितात, मग पुन्हा जिवंत होतात.

काका मूळ बोनकोडे गावचे, म्हणजे आमचं कोपरखैरणे उगवायच्या आधीपासूनचे. उभा जन्म गेला सरकारी मोजणी खात्यात, हद्दीच्या खुणा रोवण्यात. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा माउस धरायला शिकले ते ह्याच गेमवर, जेवणाच्या सुट्टीत. एक बंदर, एक गोदाम, दोन टोळ्या आणि ठोकाठोकी. तोच गेम आता कंपनीने नव्याने बनवलाय. पोरं खूश, काका वैतागलेले.

“काका, नवा काय भारी दिसतो! भिंतीवरचं शेवाळसुद्धा खरं वाटतं,” मी म्हटलं.

“शेवाळ चाटू काय? गोदामाचं दार बग आदी. जुन्यात फाटकापासून चाळीस पावलं. ह्यात सेहेचाळीस! कोनाला इचारून सरकवलं? जाहीर नोटीस काडली का?”

मी पगार घेऊन सॉफ्टवेअरच्या चुका शोधते. पण खरं सांगते, माझ्या अख्ख्या टीमला मिळून काकांची नजर नाही. कुठला जिना एका पायरीने वाढला, कुठली खिडकी हातभर खाली आली, सगळं त्यांनी हुडकलं. मी आपली हसत होते. रिटायर्ड माणसाचा टाइमपास, दुसरं काय!

मग बातमी आली: जुना गेम महिनाअखेर कायमचा बंद. दुसऱ्या दिवशी काकू माझ्या दारात. “बाय, तूच काय ते सांग. सुकट केली तरी हा मानूस जेवत नाय.”

मी गेले. “काका, नव्यात खेळा की. त्यात काय एवढं?”

“माजं जमंल गं. भीमरावचं काय?”

भीमराव म्हणजे ऑफिसात त्यांच्यासोबत मोजणीची साखळी धरणारे. मूळचे बीडकडचे, आता कामोठ्याला असतात. साखरेनं त्यांचे डोळे नेले. समोर नुसतं पांढरं धुकं. तरी दर रविवारी दुपारी चारला दोघं आपापल्या घरून खेळतात. जुना नकाशा भीमरावांना तोंडपाठ. पावलांचे आवाज मोजत जायचं, पत्रा वाजला की डावीकडे वळून गोळी झाडायची. समोरच्या पोरांना पत्ताच नसतो की आपल्याला कुणी मारलं.

“घरातून भायेर पडत नाय तो,” काका म्हणाले. “काठी घ्यायची लाज वाटते. एवडी एकच जागा हाय, जिथं तो कोनाचा हात न धरता चालतो. ती पन बंद?”

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. त्या दिवसापासून काका पावलं मोजायचे, मी वही धरायचे, आणि संध्याकाळी फोनवर भीमरावांचं पाठांतर चालायचं. फाटक ते गोदाम सेहेचाळीस. गोदाम ते जिना अठरा. शाळेतले पाढे परवडले!

नव्या गेममधला दोघांचा पहिला रविवार उजाडला. काकांनी माझ्यासाठी स्पीकर लावला. भीमराव फाटकातून निघाले. सेहेचाळीस मोजली, डावीकडे वळले, आणि गोदामात शिरण्याऐवजी थेट धक्क्याच्या टोकाला.

“साहेब, मी कुटं आलो?” भीमरावांनी विचारलं.

काकांनी कपाळावर हात मारला. ह्या नव्या गेममध्ये हातात सुरी असली की माणूस सुसाट धावतो, जड बंदूक घेतली की पाऊल आखूड पडतं. काकांनी महिनाभर सुरी घेऊन मोजणी केली होती, आणि भीमराव चालले होते बंदूक घेऊन, म्हणून गोदामाच्या अलीकडेच वळले.

“भीम्या, माजं माप चुकलं रं!” हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. “हलू नको. आलो मी.”

“साहेब, थांबा जरा. हे पानी वाजतंय का? जुन्यात नव्हतं हे.”

“हां. पानीच हाय.”

“कसं दिसतंय?”

काका आपली जागा सोडून भर गोळीबारातून धावत गेले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. “ऊन पडलंय रं त्याच्यावर. भरती सुटल्यावानी हलतंय. खांबाला एक होडी बांदलीय, हिरवी. नाळंवर, म्हंजे पुडच्या टोकावर, डोळा काडलाय. पल्याड डोंगर, आन् त्याच्या पायथ्याला...”

पाठीमागून गोळ्या आल्या. दोघंही आडवे. आमच्या टोळीतली पोरं स्पीकरवरून शिव्या घालू लागली. पुन्हा जिवंत व्हायला दहा सेकंद लागतात, पण काकांना थांबायची सवडच नव्हती. मेल्या मेल्या ते डोंगरावरची झाडं सांगत होते.

मग पडदा उजळला. दोघं पुन्हा फाटकाशी उभे.

“साहेब,” भीमराव म्हणाले, “गोदाम राहू द्या. परत तिथंच जाऊ.”