जोडलेल्या हातांची नोंद

मिरजगावच्या उन्नती सेवा संस्थेने आपल्या मंगल कार्यालयाचा हिशेब संगणकाच्या स्वाधीन केला, तेव्हा संचालक मंडळाने ठराव केला की, यापुढे संस्थेत माणसाच्या हातून चूक होणार नाही. हा ठराव अक्षरशः पाळला गेला. पुढे जे घडले त्यात माणसाचा हात कुठेच नव्हता. अपवाद फक्त कानिफनाथ खेतमाळीस यांच्या दोन हातांचा, आणि ते तर त्यांनी जोडले होते.

व्यवस्था सोपी होती. बँकेत भरणा आला की ‘नोंदमित्र’ नावाची यंत्रणा तो वाचायची, पैसे कुणाचे आणि कशाचे हे स्वतःच ठरवायची, हिशेबात त्या त्या खात्यावर टाकायची आणि भरणाऱ्याला व्हॉट्सॲपवर कळवायची. पूर्वी या जागी एक कारकून होते. ते चष्मा पुसत विचारायचे, “कशाचे हो हे?” नोंदमित्र असले फाजील प्रश्न विचारत नसे.

कानिफनाथांच्या लेकीचे, ज्ञानेश्वरीचे, लग्न नेवाशाच्या मंडळींशी ठरले होते. त्यांनी कार्यालयाची आगाऊ रक्कम मोबाईलवरून भरली आणि खाली तपशील लिहिला, ‘कानिफनाथ, कार्यालय, अक्षय्य तृतीया’. नोंदमित्राने नाव वाचले. या नावाने येणारा पैसा देवाचा असतो, हे इकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि यंत्र तर शिकलेले होते. त्याने रक्कम ‘देवस्थान देणगी’ खात्यावर टाकली आणि निरोप धाडला, “श्री कानिफनाथ महाराज देवस्थानास आपली सेवा रुजू झाली. मान्य असल्यास उत्तर द्यावे.”

कानिफनाथ तेव्हा कांदा भरत होते. मेसेज लांबलचक होता, सुरुवातीला ‘श्री’ होते आणि पुढे आपलेच नाव होते. अशा वेळी सभ्य माणूस जे करतो तेच त्यांनी केले. हात जोडल्याचे चित्र पाठवून दिले. नोंदमित्राने ती संमती मानली आणि नोंदीला कुलूप घातले.

पत्रिका छापायच्या म्हणून व्याह्यांनी कार्यालयाचे नाव पक्के करायला सांगितले, तेव्हा कानिफनाथ संस्थेत गेले. सचिव मच्छिंद्र कर्पे यांनी संगणकात पाहिले आणि मान हलवली.

“पैसे आलेत. पण तुमचे न्हाई, देवाचे आलेत.”

“देवाला पाठवलेच न्हाईत मी. कार्यालयाला पाठवलेत.”

“मग हात कुणी जोडले?”

कानिफनाथांनी मोबाईल काढून आपण पाठवलेले चित्र पाहिले. सचिवांनी समजुतीच्या सुरात सांगितले की, नोंद उघडता येते, मात्र भरणारा देव नसून माणूस आहे, याचा पुरावा जोडावा लागतो. कानिफनाथ तलाठ्याकडे गेले. तलाठी म्हणाले, माणूस असल्याच्या दाखल्याचा नमुनाच न्हाई, रहिवासी दाखला देतो. तो आणला, तर सचिव म्हणाले, देवही इथलेच रहिवासी आहेत. हयातीचा दाखला आणला, तर म्हणाले, नाथ चिरंजीव असतात, हयात असण्याने काय सिद्ध होते? शेवटी आधार कार्ड दाखवले. त्यावरचा फोटो पाहून ते माणूस आहेत, असे ठामपणे म्हणायला कुणीच तयार होईना.

“मच्छिंद्रराव, तुमचंबी नाव नाथाचंच हाय की. तुमाला कसं न्हाई देव केलं?” कानिफनाथांनी विचारले.

“मी संस्थेत पैसे भरत न्हाई,” सचिव म्हणाले. “घेतो.”

दरम्यान संस्थेपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. देवस्थानाचा पैसा जमा आहे आणि देवस्थान नाही, हे लेखापरीक्षणात अंगाशी आले असते. म्हणून संचालकांनी कार्यालयात महाराजांची तसबीर लावली आणि स्वतःचीच उत्सव समिती नेमली. उत्सवाला तारीख हवी होती. नोंदमित्राने जुना तपशील चाळून ती शोधून दिली. अक्षय्य तृतीया. खुद्द कानिफनाथांनीच मागितलेली, त्यामुळे चर्चेला जागा उरली नाही. त्या दिवशी कार्यालय इतर कुणालाही मिळणार नाही, असा फलक दारावर लागला.

नेवाशाहून रोज फोन येऊ लागले. त्या दिवसापुरते गावात दुसरे कार्यालय मोकळे नव्हते. कानिफनाथांना ज्ञानेश्वरीच्या तोंडाकडे बघवत नव्हते. फार कानकोंडे झाले होते त्यांना. तेव्हा त्यांची बायको सत्यशीला म्हणाली, “माणूस म्हणून लई फिरलात. आता देव म्हणून जा.”

कानिफनाथ गेले. या वेळी टेबलापुढे उभे राहिले नाहीत, थेट कार्यालयात जाऊन तसबिरीखालच्या खुर्चीत बसले आणि सचिवांना बोलावणे धाडले.

“उत्सव कानिफनाथाचा हाय ना? मग त्यात माझ्या लेकीचं लग्न लावा. देवाची इच्छा समजा.”

सचिवांनी नियमावली उघडली. माणसाचा अर्ज नाकारण्याची कलमे भरपूर होती. देवाला नकार देण्याचे एकही नव्हते. त्यांनी चहा मागवला. चहा संपायच्या आत मंजुरीचे पत्र तयार झाले.

लग्न थाटात लागले. उत्सव समितीने दारातच संस्थेचा क्यूआर कोड लावला होता. तो यजमानांचाच समजून पाहुण्यांनी आहेर त्यावरच भरला, कारण पाकिटे कुणी आणलीच नव्हती. ऐन पंगतीत सगळ्यांचे मोबाईल वाजले. “श्री कानिफनाथ महाराज देवस्थानास आपली सेवा रुजू झाली. मान्य असल्यास उत्तर द्यावे.” काय होऊ घातले आहे, हे त्या मांडवात एकट्या कानिफनाथांना कळले. ते पंगतीतून धावत सुटले. “आधी वाचा. हात जोडू नका, आधी वाचा.”

व्याही जिलेबी खात होते. त्यांनी डाव्या हाताने मोबाईल काढला, वर ‘श्री’ पाहिले आणि त्याच हाताच्या अंगठ्याने हात जोडले. “वाचतो की निवांत,” ते म्हणाले. पंगत उठेपर्यंत सगळा आहेर देवाला पोचला आणि त्याला कुलूप लागले.

नोंदमित्र आणखी कुठे कुठे बसवले आहे, हे संस्था सांगत नाही. आज सकाळपासून आपणही ज्या ज्या मेसेजला हात जोडून मोकळे झालात, ते सवडीने वाचून पाहावेत. घाई नाही. कुलूप लागून गेले आहे.