खुंट्याला बांधलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटरात नवा प्रोग्राम टाकायचा म्हटलं की कुरुंद्याचे गणपतआबा आधी विचारायचे, "किती पावसाळे पाहिले यानं?"

आबा हळदीचे शेतकरी, सातवी शिकलेले, आणि घरातल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स. शिकवलं पोरीनं, सुनंदानं. पुढं तिनं बंगळूरला आपल्या मनानं लग्न केलं आणि आबांनी पारावर जाहीर केलं, "मला पोरगी न्हाई." लिनक्स मात्र ठेवलं.

लिनक्सात प्रोग्रामचे दोन ढीग असतात. स्टेबल म्हणजे जुनं, तावून-सुलाखून निघालेलं. टेस्टिंग म्हणजे अजून पारखणं चालू असलेलं. आबांचं सगळं मशीन स्टेबल, फक्त गप्पांचा एक प्रोग्राम टेस्टिंगमधला. "बाकी समदे खुंट्याला बांधलेत," ते सांगायचे, "एकच सोडलंय. त्याच्यामागं दुसरं जाऊ न्हाई."

दर रविवारी सकाळी दहाला ते त्यावर बसायचे. कोणाशी बोलता, विचारलं तर म्हणे सांगलीच्या हळदवाल्याशी. त्यासाठी धुतलेला सदरा आणि टोपी काहून लागते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी वसमतला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो, त्यामुळं डोकं वापरायची सवय मोडली होती.

एका शनिवारी आबांनी मला माऊस बदलायला बोलावलं आणि ते शेतात गेले. माझ्या पिशवीत टेस्टिंगच्या सीड्या होत्या. हात शिवशिवले. म्हटलं, म्हातारा काय जुनंच घेऊन बसलाय, सगळंच नवं करून देऊ! खुंटा उपटला. अर्ध्या वाटेत एक सीडी खराब निघाली. झालं! अर्धं जुनं, अर्धं नवं, कोणी कोणाचं ऐकेना. मशीन बंद करून चालू केलं, तर स्क्रीन काळाठिक्कर.

आबा आले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "उद्या दहापर्यंत व्हईल ना, मास्तर?"

"व्हय, बराबर होतं," मी छाती ठोकून सांगितलं.

दोन रविवार गेले. रोज एसटीनं यायचो, नवी थाप मारायचो. आबा दोन्ही रविवारी सदरा घालून काळ्या स्क्रीनसमोर बसले होते, हे मला आबांच्या कारभारणीनं सांगितलं. त्या दिवसापासून थापा बंद. शेवटी अक्कल गहाण न ठेवता, आबांसारखंच सगळं स्टेबल टाकलं, तो एक प्रोग्राम तेवढा टेस्टिंगमधला.

तिसऱ्या रविवारी तो उघडला आणि साचलेला निरोप समोर आला. सुनंदाचा.

"आबा, दोन रविवार झाले. पुन्हा रागावलात का?"

मी उठायला लागलो. आबांनी हातानं बसवलं आणि एका बोटानं टाइप करायला लागले. "न्हाई गं बाई. मशीन बिघडलं व्हतं. मास्तर लय गाढव हाय."

मी मान डोलावली. त्यात खोटं काय होतं?

मग त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर शोधत लिहिलं, "जावईपाहुणे जवळ असले तर त्यांना माझा रामराम सांग."