पडला तर कोणाचा?

सानगडीत कोणाकडेही लग्न असलं की वऱ्हाड यायच्या आधी कापगते मास्तर मांडवाच्या आडव्या बांबूला दोन्ही हातांनी लोंबकळायचे. बांबू घरोघरून आलेले, बांधणारे दहा जण.

"मास्तर, उतरा ना जी, नवरदेव भेईल!" बाया हसायच्या.

मास्तर वरूनच विचारायचे, "बांबू साऱ्यायचे. पडला त कोनाचा?"

एकदा मांडव त्यांच्यासकट खाली आला. धोतर झटकत म्हणाले, "बरं झालं, आताच पडला."

मास्तर गेले त्याला वर्ष होत आलं. अजून ते लोंबकळतानाच दिसतात.

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा आसपासच्या चार शाळांतल्या शिक्षकांनी मिळून निकालपत्रकाचा प्रोग्राम लिहायला घेतला. कोणी बेरीज लिहिली, कोणी छपाई. पास-नापास ठरवणं माझ्याकडे. ज्याला हवा त्याने फुकट न्यावा, सुधारून परत पाठवावा. फ्लॉप्या एसटीच्या कंडक्टरबरोबर फिरायच्या. ज्याचा त्याचा तुकडा नीट चाले. सगळे जोडले की पहिला आलेला मुलगा शेवटी जाऊन बसे. जोडून तपासायचं कोणी, म्हटलं की सगळे छताकडे पाहायचे.

ते मास्तरांनी अंगावर घेतलं. त्यांनी वहीत वीस खोटे विद्यार्थी लिहिले. एकाला शंभर, एकाला शून्य, एकाचं नाव ओळीत न मावणारं. विसावी वनमाला. दोन पेपर दिलेले, पुढचे रकाने कोरे.

माझा तुकडा तिला 'फेल' दाखवायचा. मास्तरांनी फ्लॉपी तीनदा परत केली. मी थकलो होतो, चिडलो.

"मास्तर, अशी पोरगी असते तरी का कुठं? काहून अडवून राहिले?"

"होती," त्यांनी चष्मा काढून पुसला. "माही पोरगी. मॅट्रिकचे दोन पेपर देल्ले, मंग तापानं गेली. निकाल आला, त फेल. फेल नव्हती गुरुजी ते. आलीच नव्हती."

मी तुकडा त्याच दिवशी दुरुस्त केला.

आता ती वही माझ्याकडे आहे. जोडून तपासायचं काम तुम्ही घ्या असं कोणी म्हटलं नाही, नको असंही नाही. काल साकोलीहून नवा तुकडा आला. जोडला, आणि खऱ्या मुलांआधी वनमालाचे दोन पेपर भरले.

'ॲबसेंट' उमटलं. मग मी फ्लॉपी पाकिटात घालून बसस्टँडकडे निघालो.